कथेकडून कादंबरीकडे: लिहायला बसण्याआधीचा आराखडा

कथा लिहिणाऱ्यांची पहिली कादंबरी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडते. पहिली तीन प्रकरणं झोकात होतात, वाक्यं घोटून घोटून गुळगुळीत केलेली असतात. मग बारा-पंधरा हजार शब्दांच्या आसपास गाडी थांबते आणि लेखक म्हणतो, "पुढचं सुचत नाहीये." खरं तर त्यानं तोवर एक कथाच लिहिलेली असते. ती तिसऱ्या प्रकरणात संपलेली असते आणि उरलेली जागा कशानं भरायची हे कधी ठरलेलंच नसतं. माझ्या पहिल्या कादंबरीची फाइल १४,२०० शब्दांवर थांबली आहे. ती मी पुसलेली नाही, कारण खाली सांगितलेली जवळजवळ प्रत्येक चूक तिच्यात सापडते.

टप्पे दिलेल्या क्रमानंच करा. बरेच जण निवेदक आणि पहिलं वाक्य आधी ठरवतात आणि मग त्यात कादंबरी बसवायला जातात. इथे निवेदक आठव्या टप्प्यावर आहे, आणि तो तिथेच का, हे तिथवर पोचल्यावर कळेल.

## आधीची तयारी

एक वही, साठ-सत्तर कोरी कार्डं (पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराची पुरतात) आणि तक्ता काढायला एक मोठा कागद किंवा स्प्रेडशीट. वेळ सहा ते आठ आठवडे. या काळात कादंबरीचं एकही प्रकरण लिहायचं नाही. छान वाक्य सुचलं तर वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवा आणि पान उलटा.

आराखडा हवेत राहू नये म्हणून एक कथा हाताशी धरू. रुग्णवाहिकेचा एक चालक. रात्री एका रुग्णाला नेताना त्याला घरून फोन येतो. गाडी बाजूला घेऊन तो सात मिनिटं बोलतो. मागे रुग्णाजवळ फक्त एक परिचारक आहे. रुग्ण वाटेतच जातो. कोणी काही विचारत नाही. आठवड्यानं चालक त्या माणसाच्या घरी जातो, दारात उभा राहतो, बेल दाबतो. कथा संपली.

कथा म्हणून शेवट चांगला आहे, कारण दार उघडायच्या आधी ती थांबते. कादंबरीत मात्र दार उघडतं. कोणी उघडलं, चालकाला त्यांनी कोण समजून आत घेतलं, तो कुठल्या खुर्चीवर बसला, हे सगळं लिहावं लागतं.

## टप्पा १: बीज कादंबरीचं आहे का, ते तपासा

कथा जिथे संपते त्याच्या दुसऱ्या दिवशी काय होईल, ते दहा ओळींत लिहा. पुढच्या महिन्यात काय होईल, ते आणखी दहा ओळींत. या वीस ओळींत "त्याला वाईट वाटत राहिलं" एवढंच येत असेल तर बीज कथेचंच आहे. त्याची कथाच करा, त्यात कमीपणा काही नाही.

मग बघा, मूळ घटनेची झळ किमान तिघांना लागते का, आणि वेगवेगळी लागते का. शेवटी हे तपासा की, नायक परिस्थिती सुधारायला गेला तर ती आणखी बिघडते का. आपल्या चालकाचं असं होतं. तो मदत करायला म्हणून त्या घरी जाऊ लागतो. मृताची मुलगी त्याच्यावर विसंबायला लागते. तो जितका उपयोगी पडतो तितकं खरं सांगणं अवघड होतं. असं चाक सापडलं की पुढे जा.

सावध: जुन्या तीन कथा जोडून कादंबरी करू नका. पात्रांची आडनावं एक केली म्हणून कथासंग्रह कादंबरी होत नाही. माझ्या त्या १४,२०० शब्दांत नेमकं हेच झालं होतं.

## टप्पा २: एक प्रश्न, एका वाक्यात

"अपराधी भावना" हा विषय झाला. विषयावर लेख लिहिता येतो. कादंबरीला असा प्रश्न लागतो ज्याचं उत्तर दोन्ही बाजूंनी जाऊ शकतं. आपल्या उदाहरणात: ज्या घराचा आधार आपल्यामुळे गेला त्याच घराचा आधार बनलेला माणूस खरं सांगेल का, आणि सांगितलं तर त्या घराचं काय होईल?

तपासणी: हे वाक्य एखाद्याला सांगा. समोरचा "मग?" म्हणाला तर जमलं. "छान विषय आहे" म्हणाला तर पुन्हा लिहा.

## टप्पा ३: लांबीचा हिशेब

हा टप्पा अर्ध्या तासाचा आहे, पण तो टाळल्यामुळे घोटाळे होतात. कथा आणि कादंबरी यांच्यातली शब्दांची सीमा सर्वमान्य नाही. अंदाजासाठी एवढं घ्या की विज्ञानकथांच्या ह्यूगो आणि नेब्युला पुरस्कारांच्या नियमांत ७,५०० शब्दांच्या आत ती कथा आणि ४०,००० पासून पुढे कादंबरी धरतात. मधल्या लांबीसाठी दोन वेगळे गट आहेत.

पहिल्या प्रयत्नाला ६०,००० शब्द धरा. छापील पानावर २५० ते ३०० शब्द मानले तर २०० ते २४० पानं. एक प्रसंग सरासरी १,४०० शब्दांचा, म्हणजे त्रेचाळीसच्या आसपास प्रसंग. दिवसाला ५०० शब्द, आठवड्याचे पाच दिवस, तर खर्ड्याला चोवीस आठवडे. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्रेचाळीस हा आकडा डोळ्यांसमोर असला की "माझ्याकडे सगळं तयार आहे" हा भ्रम लगेच उतरतो; मोजायला बसलं की हातात सहा-सात प्रसंग निघतात.

## टप्पा ४: पात्रांच्या जोड्या लावा

कथेत दुय्यम पात्रं नायकाला आरसा दाखवायला येतात आणि जातात. कादंबरीत त्यांना स्वतःची कटकट लागते. ती शोधायला लोक पात्रांची चरित्रं लिहितात: जन्मगाव, आवडता रंग, शाळेतला मित्र. दहा पानं भरतात आणि एकही प्रसंग हाती लागत नाही. त्याऐवजी जोड्या लावा.

चार मुख्य पात्रं घ्या: चालक, त्याची बायको (फोन तिचा होता), परिचारक आणि मृताची मुलगी. चौघांच्या सहा जोड्या होतात. पाच पात्रं घेतली तर दहा, सहा घेतली तर पंधरा. प्रत्येक जोडीसाठी दोनच ओळी लिहा. एकाला दुसऱ्याकडून काय हवंय? एक दुसऱ्यापासून काय लपवतोय?

चालक आणि मुलगी ही जोडी लगेच भरते. चालक आणि परिचारकही भरते: ती सात मिनिटं दोघांनाच माहीत आहेत. बायको आणि मुलगी ही जोडी मात्र कोरी राहते, कारण कथेत त्या दोघी कधी भेटलेल्याच नसतात. इथे कंटाळून पुढे जाऊ नका. त्यांना भेटवा. बायकोला मुलगी आवडते. एका संध्याकाळी मुलगी वडिलांबद्दल बोलताना सहज तारीख सांगते, त्या रात्रीची वेळ सांगते. बायको काही बोलत नाही. मुलगी गेल्यावर ती आपला फोन उघडते आणि जुन्या कॉलची यादी खाली सरकवत जाते.

बेल दाबून संपणाऱ्या कथेत हा प्रसंग कुठेच नव्हता. कादंबरीचा मधला भाग, जिथे सगळे अडकतात, तो बहुतेक वेळा अशा कोऱ्या जोड्यांतून निघतो. म्हणून या टप्प्याला आठवडाभर द्या.

सावध: सहापेक्षा जास्त मुख्य पात्रं घेऊ नका. सात झाली की एकवीस जोड्या होतात आणि पहिल्या कादंबरीत तेवढ्या सांभाळणं जिकिरीचं आहे.

## टप्पा ५: परत फिरता येणार नाही अशा चार जागा

कादंबरीला चार खांब लागतात. खांब म्हणजे अशी घटना जिच्यानंतर नायकाला आधीच्या आठवड्यासारखं जगता येत नाही. ६०,००० शब्दांत त्या साधारण १५,०००, ३०,०००, ४५,००० आणि शेवटाला येतात. हजार-दोन हजार इकडेतिकडे झाले तर बिघडत नाही.

ठरवण्याचा क्रम वेगळा ठेवा. आधी शेवट, मग मध्य, मग पहिला, मग तिसरा. शेवट ठरवायचा म्हणजे शेवटचं वाक्य लिहायचं नाही. कथालेखकाचा हात तिकडेच वळतो, त्याला आवरा. शेवटी कोण कुठे आहे आणि कोणाला काय माहीत आहे, एवढंच ठरवा.

आपल्या कादंबरीत पहिला खांब असा: मुलगी विचारते, "बाबांना उशीर झाला होता का?" आणि चालक म्हणतो, "नाही, आम्ही लगेच निघालो होतो." इथवर तो फक्त गप्प होता, आता खोटं बोलला. मध्य: मुलगी उशिराबद्दल तक्रार करते, चौकशी लागते आणि बोट परिचारकाकडे वळतं. तिसरा खांब: बायकोला कळतं. शेवट: चौकशीच्या खोलीत चौघंही आहेत, आणि सात मिनिटांबद्दल अजून न कळलेली एकच व्यक्ती आहे, मुलगी.

तपासणी: प्रत्येक खांबाखाली लिहा, "दुसऱ्या दिवशी सकाळी नायक नेहमीप्रमाणे कामावर गेला." हे वाक्य तिथे चालून जात असेल तर तो खांब नाही, नुसता एक प्रसंग आहे.

## टप्पा ६: प्रसंगांची कार्डं

आता कार्डं काढा. एका कार्डावर एक प्रसंग, चार ओळी:

१. कोण, कुठे, केव्हा
२. कोणाला काय हवंय
३. प्रसंग संपताना काय बदललं
४. काय बाकी राहिलं

एक भरलेलं कार्ड बघा. "परिचारक चालकाच्या घरी, रात्री. परिचारकाला चौकशीआधी दोघांचं एकच बोलणं ठरवून घ्यायचंय. चालक हो म्हणतो. बाकी: बायको आतल्या खोलीत जागी होती."

सगळी मदार चौथ्या ओळीवर आहे आणि नेमकी तीच कथालेखकाला जड जाते. कथेत बाकी शून्यावर आणायची सवय लागलेली असते. प्रत्येक प्रसंगाला ठसका देऊन शेवट करायचा, वाचकानं "वा" म्हणून पान खाली ठेवायचं. कादंबरीत वाचकानं पान खाली ठेवलं की पंचाईत. सलग तीन कार्डांवर चौथी ओळ कोरी दिसली, तर कादंबरी तिथे थांबणार हे समजून चाला.

आधी चार खांबांची कार्डं जमिनीवर अंतर ठेवून मांडा. मग जोड्यांतून निघालेली कार्डं मधे टाका. पहिल्या दिवशी वीसच होतील. होऊ द्या. बाकीची या वीस कार्डांच्या चौथ्या ओळीतून येतात: राहिलेली प्रत्येक बाकी कुठेतरी कोणाला तरी फेडावी लागते, आणि ते फेडणं हाच नवा प्रसंग.

तपासणी: शेजारची दोन कार्डं अदलाबदल करून बघा. काहीच बिघडलं नाही तर त्या दोघांत कार्यकारणाचा धागा नाही. पहिल्यामुळे दुसरं घडेल असं करा, नाहीतर एक काढून टाका. ही अदलाबदल अख्ख्या रांगेत करा. कंटाळवाणं काम आहे, पण चाळीस हजार शब्द लिहून झाल्यावर हेच कळणं त्याहून फार महाग पडतं.

## टप्पा ७: कालरेषा, आणि कोणाला काय माहीत

सात-आठ पानांच्या कथेत "काही दिवसांनी" म्हणून निभतं. कादंबरीत निभत नाही. मोठ्या कागदावर तारखा मांडा, तारखेसोबत वार लिहा, पात्रांची वयं लिहा. पान ४० वर पाच महिन्यांची असलेली गरोदर बाई पान १५० वर, वर्ष उलटूनही, गरोदरच असेल तर वाचकाच्या ते बरोबर लक्षात येतं.

त्याच कागदावर दुसरा तक्ता काढा. आडव्या ओळीत पात्रं, उभ्या स्तंभात गुपितं: सात मिनिटं थांबणं, फोन कोणाचा, चालक त्या घरी का जातो, परिचारक खोटं बोललाय. प्रत्येक घरात लिहा, हे या पात्राला कितव्या कार्डावर कळलं. अजून कळलं नसेल तर रेघ मारा. हा तक्ता भरताना हमखास दोन प्रकारची भोकं सापडतात. पात्र ज्या कार्डावर एखादी गोष्ट बोलतं, ती त्याला कळलेली असते पाच कार्डांनंतर. किंवा एखादी गोष्ट त्याला कधीचीच कळलेली असते, तरी ते गप्प असतं आणि का गप्प आहे हे लेखकालाही माहीत नसतं. दुसरं भोक जास्त वाईट. ते बुजवायला एक नवं कार्ड लागतं.

वस्तुस्थितीची तपासणीही इथेच करा. हे उदाहरण मांडताना मी स्वतः इथे अडकलो. रुग्णवाहिकेच्या फेरीची निघण्याची आणि पोचण्याची वेळ कुठेतरी नोंदवली जात असेल, गाडीत जीपीएस असू शकेल. मग सात मिनिटं लपतील कशी? कथेत हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण वाचक बेलपाशीच थांबलेला असतो. कादंबरीत चौकशी आहे, म्हणजे नोंदवही उघडली जाणार. तर मग नोंदवही कोणी भरली? परिचारकानं. त्यानं वेळ बदलून लिहिली. का लिहिली, याचं उत्तर शोधताना परिचारकाला त्याची स्वतःची कादंबरीभर पुरेल अशी भानगड मिळाली. माहिती गोळा करताना ती याच हेतूनं करा: आपला आराखडा कुठे मोडतो ते शोधायला. नुसतं वातावरण भरायला गोळा केलेली टिपणं पुढे प्रकरणात ओझं होऊन बसतात.

## टप्पा ८: आता निवेदक

चालकानं "मी" म्हणून सांगायचं ठरवलं असतं तर बायको आणि मुलगीचा तो संध्याकाळचा प्रसंग हातचा गेला असता. तिथे तो नव्हताच. म्हणून कार्डं आधी. आता कार्डांची गड्डी उलगडा आणि प्रत्येकावर बघा, हा प्रसंग कोणाच्या डोळ्यांनी दिसला तर जास्त ताण येतो. एकाच पात्राचं नाव तीस-पस्तीस वेळा आलं तर "मी" चालेल आणि उरलेले प्रसंग त्याला नंतर कळतील. नावं वाटली गेली तर तृतीय पुरुष घ्या, किंवा दोन निवेदक.

मग तीन तुकडे लिहून बघा, प्रत्येकी ५०० शब्दांचे: सुरुवातीचा एक, गुपित फुटतं तो एक, आणि मधला अगदी साधा, ज्यात कोणी फक्त कपडे वाळत घालतंय असा एक. तिसराच खरी परीक्षा घेतो. काव्यात्म, तुटक, दाट भाषा कथेत दहा पानं शोभते. त्या भाषेत कपडे वाळत घालायला गेलं की हसू येतं. २०० पानं जो आवाज साधं बोलू शकेल तो निवडा. हे तुकडे नंतर टाकून द्यायचे आहेत.

## टप्पा ९: खर्डा

लिहिताना मागे जायचं नाही. कथालेखक रोज पहिल्या ओळीपासून वाचत सुरुवात करतो आणि वाक्यं घोटतो. कथा लहान असते म्हणून ते परवडतं. इथे सकाळ मागचं वाचण्यातच जाईल. फक्त कालचं शेवटचं पान वाचा आणि पुढे लिहा. एखादं नाव, तपशील, शब्द अडला तर तिथे चौकटी कंसात "बघणे" असं लिहून चालू लागा. नंतर फाइलमध्ये तो शब्द शोधला की सगळ्या जागा एका दमात सापडतात. दिवसाचं काम प्रसंग संपवून थांबवू नका. उद्याच्या प्रसंगाची दोन वाक्यं लिहूनच उठा.

पंधराव्या-सोळाव्या कार्डाच्या आसपास आराखडा मोडेल. एखादं पात्र कार्डावर लिहिलंय तसं वागायला तयार होणार नाही. अशा वेळी दोन उलट्या चुका होतात. काही जण पात्राला ढकलत कार्डाप्रमाणे नेतात आणि प्रसंग लाकडी होतो. बाकीचे उत्साहानं पहिल्या प्रकरणापासून सगळं बदलायला घेतात आणि महिन्यानं तिथेच येतात. दोन्ही करू नका. लिहिणं दोन दिवस थांबवा. पुढची कार्डं, फक्त पुढची, पुन्हा जमिनीवर मांडा. पुढचा खांब अजून उभा राहतो का ते बघा, राहत असेल तर त्याच्या अलीकडची कार्डं बदला. राहत नसेल तर खांब बदला आणि माहितीचा तक्ता पुन्हा भरा. मागे जे बदलावं लागेल ते वहीत कार्डाचा क्रमांक टाकून एका ओळीत नोंदवा, जसं "कार्ड ६: बायकोनं फोन परत केला होता." मग सोळाव्या कार्डापासून पुढे असं लिहा, जणू सहावं बदलून झालंय.